मधली कृष्णविवरं आणि जुने लॉग

नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. मध्यम वजनाची कृष्णविवरं शोधण्याची गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली खटपट बघितली तर माझं असं मत झालंय की या शोधातला खरा हिरो नवी चकचकीत दुर्बीण नाही, तर कुठल्यातरी सर्व्हरवर धूळ खात पडलेला जुना डेटा आहे. आणि पैसे वाचवायची वेळ आली की पहिली गदा येते ती नेमकी याच डेटावर आणि तो वर्षानुवर्षं मुकाट गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या उपकरणांवर. हे मला चुकीचं वाटतं. का, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद गाळले तरी चालतील.)

कृष्णविवरं आपल्याला मुख्यतः दोन साइझमध्ये माहीत आहेत. पहिली लहान. एखादा दांडगा तारा इंधन संपल्यावर स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो आणि मागे कृष्णविवर उरतं. यांचं वजन सूर्याच्या काही पटींपासून साधारण शंभर पटींपर्यंत. (यापुढे वजन 'सूर्यां'तच सांगतो, म्हणजे १० सूर्य म्हणजे सूर्याच्या दहापट वस्तुमान.) हंस तारकासमूहातलं सिग्नस एक्स-१ हे यातलं सगळ्यात प्रसिद्ध. २०२१ साली नव्यानं मोजलं तेव्हा ते २१ सूर्यांचं भरलं. दुसरी महाकाय. ही दीर्घिकांच्या केंद्रात ठाण मांडून बसलेली असतात. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध आहे ते साधारण ४३ लाख सूर्यांचं. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवल्याबद्दल गेंझेल आणि गेझ या दोघांना २०२० साली पेनरोज यांच्याबरोबर नोबेल मिळालं. २०१९ साली ज्याचा 'फोटो' जगभर गाजला ते एम-८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर तर ६५० कोटी सूर्यांचं आहे.

आणि मधे? शंभर ते एक लाख सूर्य या पट्ट्यात जवळजवळ शुकशुकाट. म्हणजे कपड्यांच्या दुकानात जावं, 'एस' साइझचे ढीगभर शर्ट असावेत, 'डबल एक्सेल'ही हवे तेवढे असावेत, आणि 'एम' मागितला की दुकानदारानं खांदे उडवावेत!

तुम्ही म्हणाल, नसेल मधला साइझ, काय बिघडलं? बिघडतं. कारण महाकाय कृष्णविवरं आली कुठून, हा हिशोब मग लागत नाही. कृष्णविवराला हवं तितक्या वेगानं खाता येत नाही. आत पडणारा वायू तापून इतका उजळतो की त्या प्रकाशाचाच दाब मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलायला लागतो. याला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. या मर्यादेत राहून, एकही जेवण न चुकवता खाल्लं तरी वजन दुप्पट व्हायला ढोबळमानानं साडेतीन कोटी वर्षं लागतात. आता २०२१ साली जाहीर झालेला एक क्वेसार घ्या, जे०३१३-१८०६. विश्व फक्त ६७ कोटी वर्षांचं असताना याच्या पोटातलं कृष्णविवर १६० कोटी सूर्यांचं झालेलं होतं. सुरुवात १०० सूर्यांपासून केली तर तिथवर पोचायला २४ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे ८४ कोटी वर्षं. विश्वाचं वयच तेवढं नव्हतं! सुरुवात एक लाख सूर्यांपासून केली तर १४ दुपटी पुरतात, ४९ कोटी वर्षांत काम होतं.

एडिंग्टन मर्यादा मोडून अधाशासारखं खाणारी कृष्णविवरं असू शकतात, किंवा सुरुवातीलाच वायूचे प्रचंड ढग थेट कोसळून मोठं बीज तयार झालेलं असू शकतं. दोन्ही बाजूंनी जोरदार वाद चालू आहेत. पण दोन्ही बाजूंना पुरावा हवाय तो मधल्या साइझचाच. बीजं होती तर सगळीच काही वाढून महाकाय झाली नसणार. काही तशीच राहिली असणार. ती कुठायत?

असो. आता माझ्या मुद्द्याकडे.

मधलं कृष्णविवर दिसणं अवघड का आहे बघा. लहान कृष्णविवराला पुष्कळदा शेजारी एखादा जोडीदार तारा असतो, त्याचा वायू ओढून ते क्ष-किरणांत चमकतं. महाकाय कृष्णविवर दीर्घिकेच्या मध्यावर असतं, तिथे खायला मिळतं आणि शोधायचं कुठे हेही ठाऊक असतं. मधली मात्र बहुधा जुन्या, गोलाकार तारकागुच्छांमध्ये असावीत असा अंदाज आहे. तिथे वायू जवळपास नाहीच. म्हणजे उपाशी आणि म्हणून अदृश्य. मग उरतात दोनच मार्ग. एक, ते चुकूनमाकून काहीतरी खाताना सापडावं. दोन, त्याच्या ओढीनं शेजारचे तारे वेडेवाकडे पळताना दिसावेत. पहिल्याला नशीब लागतं, दुसऱ्याला वेळ लागतो. आणि जुना डेटा म्हणजे साठवून ठेवलेला वेळच की.

पहिलं उदाहरण, एचएलएक्स-१. सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत, पण केंद्रापासून बाजूला, क्ष-किरणांचा एक भन्नाट तेजस्वी ठिपका. हा ठिपका एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय दुर्बिणीनं २००४ सालीच टिपला होता. पण त्या वेळी तो कुणी शोधत नव्हतं. या दुर्बिणीची एक चांगली सवय म्हणजे, जिच्याकडे तोंड केलंय त्या वस्तूच्या आजूबाजूला जे काही दिसेल त्याचीही नोंद कॅटलॉगमध्ये जाते. सुमारे एक लाख नव्वद हजार ठिपक्यांची ती यादी. त्यातून हा एक ठिपका वर आला आणि २००९ साली त्यावर निबंध आला. वजन आधी किमान ५०० सूर्य म्हटलं गेलं, पुढच्या अभ्यासांतून साधारण २० हजारांच्या आसपास अंदाज आला. मधल्या साइझच्या सगळ्यात भक्कम दावेदारांपैकी हा एक आहे.

दुसरं उदाहरण मला विशेष आवडतं. सप्तर्षीच्या भागात १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर एम-८२ नावाची दीर्घिका आहे. तिच्यातला एम-८२ एक्स-१ हा स्रोत बरीच वर्षं संशयित होता. २०१४ साली पाशम, स्ट्रोमायर आणि मुशोट्झकी यांनी त्याच्या प्रकाशात दोन ठेके शोधले, सेकंदाला साधारण ३.३ आणि ५.१ वेळा लुकलुकण्याचे. लहान कृष्णविवरांत अशीच ३:२ गुणोत्तराची जोडी दिसते, आणि कृष्णविवर जितकं जड तितका ठेका संथ. त्यावरून वजन निघालं सुमारे ४०० सूर्य. आता गंमत बघा. हा डेटा ज्या उपग्रहाचा होता, तो आरएक्सटीई, जानेवारी २०१२ मध्येच बंद केला गेला होता! म्हणजे शोध लागला तेव्हा उपकरणाला 'जाऊन' दोन वर्षं झाली होती. कुठलंही एक निरीक्षण पुरेसं नव्हतं, कारण ठेका गोंगाटात पार बुडालेला होता. सहा वर्षांची शेकडो निरीक्षणं एकावर एक रचल्यावर तो वर आला.

तिसरं उदाहरण म्हणजे ओमेगा सेंटॉरी. हा सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ, साधारण एक कोटी तारे, अंतर अंदाजे १७,७०० प्रकाशवर्षं. मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला शहराच्या उजेडापासून लांब, दक्षिणेकडे मोकळं क्षितिज असलेल्या जागी गेलात तर आपल्याकडून नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखा दिसतो. जुलै २०२४ मध्ये हायडेलबर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या मॅक्सिमिलियन हेबर्ले आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की या गुच्छाच्या अगदी गाभ्यात सात तारे इतके वेगात पळतायत की तिथे काही जड नसतं तर ते केव्हाच गुच्छाबाहेर निसटले असते. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांचं काहीतरी तिथे हवं.

हे सात तारे सापडले कसे? हबल दुर्बिणीच्या वीसहून जास्त वर्षांतल्या ५०० वर प्रतिमांमधून, १४ लाख ताऱ्यांचे वेग मोजून. आणि या प्रतिमा मुळात कशासाठी काढल्या होत्या? बहुतेक सगळ्या कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनसाठी! ओमेगा सेंटॉरीत भरपूर तारे एका चौकटीत मिळतात, म्हणून कॅमेरा नीट चालतोय ना हे तपासायला हबल वारंवार तिकडे बघायची. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हे टेस्ट रनचे लॉग होते.

वेळ किती महत्त्वाचा याचा एक छोटा हिशोब करून बघा. सेकंदाला १०० किलोमीटर पळणारा तारा या अंतरावरून हबलला किती सरकलेला दिसेल? वर्षाला एका पिक्सेलचा जेमतेम दहावा भाग. वीस वर्षांत दोन पिक्सेल. बस्स! तुम्ही जगातली सगळ्यात महागडी दुर्बीण आज विकत आणलीत तरी २००२ साली तो तारा कुठे होता हे ती सांगू शकत नाही. ते फक्त २००२ सालची फाइलच सांगू शकते.

मागे एका प्रोजेक्टवर असताना क्लायंटकडे एक बग होता, महिन्या-दीड महिन्यातून एकदाच तोंड दाखवणारा. लॉग मात्र पंधरा दिवसांत आपोआप पुसले जायचे, कारण डिस्कचा खर्च. दर वेळी तीच मीटिंग, तेच 'पुन्हा घडवून दाखवा', तेच तिकीट बंद. आठ महिने टीमनं भूत शोधावं तसं ते शोधलं. शेवटी लॉग तीन महिने ठेवायची परवानगी मिळाली आणि पुढच्याच खेपेला कारण समोर आलं. त्या आठ महिन्यांत माणसांच्या तासांवर जो पैसा गेला त्यात किती डिस्क आल्या असत्या, हे मी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. :)

खगोलवाले याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी शहाणे आहेत. त्यांच्या प्रतिमांचा फॉरमॅट 'फिट्स' १९८१ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तोच चालतो. त्याच्या हेडरमधली प्रत्येक ओळ ८० अक्षरांची असते, कारण पंचकार्ड ८० रकान्यांचं होतं! नवीन काहीही घाला, पण जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे, हा त्यांचा नियम आहे. आपल्याकडे तीन वर्षांपूर्वीची फाइल उघडताना लायब्ररीचं कुठलं व्हर्जन होतं ते आठवत बसावं लागतं. हबलच्या डेटावर निघणाऱ्या निबंधांमध्ये आज मूळ निरीक्षण मागणाऱ्यांपेक्षा नंतर संग्रहातून उचलणाऱ्यांचे जास्त असतात, त्यामागे ही शिस्त आहे.

आता दुसरी बाजू. 'जुन्या डेटातून हवं ते काढता येतं' असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. या क्षेत्रात 'सापडलं!' म्हणून बातमी यावी आणि काही वर्षांत विरून जावी, हे इतक्यांदा झालंय की मोजदाद नको. २००२ साली महाश्व तारकासमूहातल्या एम-१५ गुच्छात सुमारे ४,००० सूर्यांचं कृष्णविवर असल्याचा दावा आला. पुढे लक्षात आलं की ज्या आधीच्या निबंधातले आलेख आधाराला घेतले होते त्यांच्या आडव्या अक्षातच चूक होती. ती सुधारल्यावर कृष्णविवराची गरजच जवळपास संपली, मेलेल्या ताऱ्यांच्या गर्दीनं काम भागत होतं. २०१७ साली ४७ टुकाने गुच्छात २,२०० सूर्यांचा दावा आला, त्यालाही नंतरच्या अभ्यासांनी आव्हान दिलं. एनजीसी ६३९७ मध्ये एक मोठं शोधायला गेले तर २०२१ साली लहान-लहान मृत ताऱ्यांचा घोळका असल्याची चिन्हं मिळाली.

आणि कळस म्हणजे पुन्हा एम-८२. एक्स-१ चा शेजारी एक्स-२, हाही कृष्णविवर म्हणून संशयित होता. त्याच २०१४ साली नूस्टार दुर्बीण त्या दीर्घिकेतला एक सुपरनोव्हा बघत असताना दर १.३७ सेकंदांनी येणारे नियमित ठोके सापडले. कृष्णविवर असे ठोके देत नाही. एक्स-२ निघाला न्यूट्रॉन तारा, म्हणजे दीडेक सूर्यांचा बारका गडी, पण एडिंग्टन मर्यादा धाब्यावर बसवून चमकणारा! 'इतका तेजस्वी आहे म्हणजे जड असणारच' हा युक्तिवाद त्या दिवसापासून लंगडा झाला.

ओमेगा सेंटॉरीही वादातून सुटलेला नाही. २००८ साली तिथे ४० हजार सूर्यांचा दावा होता. २०१० साली दुसऱ्या गटानं गुच्छाचं केंद्रच वेगळ्या ठिकाणी काढलं आणि फार तर १२ हजार म्हटलं. २०२४ च्या जुलैत सात तारे आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पल्सारच्या मोजण्या वापरणाऱ्या एका गटानं सांगितलं, एकच कृष्णविवर असेल तर ते ६,००० सूर्यांपेक्षा कमी असावं, लहान कृष्णविवरांचा घोळका जास्त संभवतो. म्हणजे एकाचं 'किमान' दुसऱ्याच्या 'जास्तीत जास्त'पेक्षा मोठं आहे. दोघांपैकी कुणाचं तरी काहीतरी चुकतंय.

पण मला यात नामुष्की दिसत नाही. उलट हीच पद्धत बरोबर आहे. आणि नीट बघा, हे दावे पाडले कशाच्या जोरावर? एम-१५ चा आलेख कुणीतरी जुना निबंध उघडून तपासला म्हणून चूक कळली. ओमेगा सेंटॉरीचं केंद्र पुन्हा काढता आलं कारण प्रतिमा सगळ्यांना खुल्या होत्या. नूस्टारला एक्स-१ आणि एक्स-२ वेगवेगळे दिसतच नव्हते. ठोके कुणाचे हे ठरवायला चंद्रा दुर्बिणीची बारीक नजर लागली. दावा करायला संग्रह लागतो तसा दावा खोडायलाही लागतो. संग्रह नसता तर फक्त बातम्या उरल्या असत्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गुरुत्वीय लहरींचं काय? तिथे तर नवं यंत्रच लागलं. अगदी मान्य. २१ मे २०१९ ला लायगो आणि व्हर्गोनं जो संकेत पकडला तो जेमतेम दहावा भाग सेकंदाचा होता. ८५ आणि ६६ सूर्यांची दोन कृष्णविवरं एकत्र येऊन १४२ सूर्यांचं एक झालं, उरलेलं वजन लहरींच्या रूपानं उडून गेलं. मधल्या साइझचा हा सगळ्यात निर्विवाद पुरावा म्हणता येईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये पकडलेला आणि जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेला संकेत त्याहून जड, विलीन होऊन सुमारे २२५ सूर्य. पण इथेही मर्यादा आहे. जितकं जड तितका सूर खालचा, आणि खालच्या सुरात जमिनीचीच थरथर इतकी असते की लायगोला ऐकू येत नाही. हजारो सूर्यांची मंडळी ऐकायची तर अंतराळात जावं लागेल. युरोपच्या लिसा मोहिमेला जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, २५ लाख किलोमीटर अंतरावर तीन यानं, उड्डाण २०३५ च्या सुमारास. म्हणजे हजार ते लाख सूर्य या पट्ट्यासाठी पुढची दहा वर्षं तरी भिस्त म्हाताऱ्या दुर्बिणींवर आणि त्यांच्या संग्रहांवरच आहे.

आणि नेमकं इथेच माझं दुखणं आहे. मार्च २०२४ मध्ये नासानं मांडलेल्या अर्थसंकल्पात चंद्रा दुर्बिणीचा वर्षाचा खर्च सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणायचा प्रस्ताव होता. चंद्रशेखरांच्या नावाची ही दुर्बीण १९९९ पासून काम करतेय आणि तिच्याइतकी बारीक क्ष-किरण नजर आजही दुसऱ्या कुठल्याच दुर्बिणीला नाही. खगोलवाल्यांनी रास्त आरडाओरडा केला. हबल १९९० पासून वर आहे आणि जून २०२४ पासून एकाच जायरोस्कोपवर भागवतेय. अशा यंत्रांच्या बाबतीत 'खूप झालं, आता नवीन घेऊ' म्हणणं सोपं असतं. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापली जाते. पंचविसाव्या वर्षीच्या कॅलिब्रेशनला कोण येणार? पण वेग मोजायला दोन टोकं लागतात, आणि नवीन यंत्राकडे एकच टोक असतं.

आपल्यालाही हा प्रश्न लांबचा नाही. २०१५ साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटची उपकरणं बनवण्यात मुंबईच्या टीआयएफआरचा आणि पुण्याच्या आयुकाचा मोठा हात आहे आणि त्याचा डेटा संशोधकांसाठी खुला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहायचंय, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींना मंजुरी मिळाली. त्याची चर्चा होते ती बोगद्यांची, लेसरची, आरशांची. व्हायलाच हवी. पण वीस वर्षांनी कुणीतरी आज निरुपयोगी वाटणाऱ्या एखाद्या फाइलमध्ये काहीतरी शोधत येईल, तेव्हा ती फाइल सापडावी, उघडावी आणि सोबत 'त्या दिवशी यंत्र कसं वागत होतं' याची नोंदही असावी, यासाठी पैसे आणि माणसं आजच ठेवायला हवीत. हे काम करणाऱ्याला शोधाचं श्रेय मिळत नाही आणि नोबेल तर नाहीच. आपल्या धंद्यात बॅकअप सांभाळणाऱ्याला तरी कुठे मिळतं?

मधली कृष्णविवरं आहेत की नाहीत? माझा कौल आहेत असा. ओमेगा सेंटॉरीत एक आहे की घोळका, हे मला ठरवता येणार नाही. जेम्स वेब त्या ताऱ्यांचे आपल्या दिशेनं येण्या-जाण्याचे वेग मोजेल तेव्हा चित्र आणखी स्पष्ट होईल. पण निकाल कुठल्याही बाजूनं लागला तरी तो लावताना कुणीतरी २००२ सालची कॅलिब्रेशनची फाइल पुन्हा एकदा उघडणार, एवढं नक्की.

तेव्हा सोमवारी ऑफिसात डिस्क भरली म्हणून कुणी 'जुनं सगळं उडवू का?' असं विचारलं, तर पटकन 'हो' म्हणू नका. आधी त्यात काय आहे ते बघा. आणि आज काहीच कामाचं दिसलं नाही तरी शक्य असेल तर ठेवा.